बडेबाबू आणि पावतीवरची कोरी रेघ

बडेबाबूंकडे सायकल होती, पण मी शाळेत नोकरीला लागल्यावर पहिली अडीच वर्षं त्यांना तिच्यावर बसलेलं पाहिलं नाही. रोज सकाळी साडेदहाला ते सायकल हातात धरून फाटकातून आत यायचे आणि संध्याकाळी तशीच हातात धरून घरी न्यायचे. हँडलला डबा, कॅरिअरला पावतीपुस्तकांची पिशवी. मला आधी वाटलं, पंक्चर असेल. आठवड्यानं वाटलं, पंक्चर काढायला पैसे नसतील बिचाऱ्यांकडे. महिन्यानं मी धीर करून विचारलंच.

"फिटली नाई अजून," ते म्हणाले.

"काय फिटलं नाही?"

"सायकल. पतपेढीतून कर्ज काढलं न तिच्यासाठी. फिटेपर्यंत ते पतपेढीची. दुसऱ्याच्या सायकलवर कायले बसाचं?"

"मग हातात धरून तरी कशाला आणता?"

"घरी ठेवली तं गल्लीतले पोट्टे बसतात."

यातली खरी गंमत मला नंतर कळली. त्यांच्यावर दोन कर्जं होती. एक सायकलचं, साडेसात टक्क्यांचं. दुसरं घरावर टिनं टाकण्यासाठी बाहेरून काढलेलं, बारा टक्क्यांचं. हाताशी आलेला प्रत्येक रुपया ते आधी टिनांच्या कर्जात भरायचे, कारण ते महाग. सायकलचं स्वस्त, म्हणून ते शेवटी. आणि ते शेवटी, म्हणून तोवर पायी. अडीच वर्षांनी दोन्ही फिटली, तेव्हा ते फाटकाबाहेर सायकलीवर बसले आणि थेट बसस्टँडसमोरच्या भेंडीच्या टोपलीत गेले. इतक्या वर्षांत सवय मोडली होती. भेंडीवालीला त्यांनी तिथल्या तिथे पैसे दिले, कारण तिचं कर्ज, ते म्हणाले, सगळ्यात महाग.

मंगरूळपीर तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. दुष्काळ नुकताच सरला होता. मी मानोऱ्याची, बी.एस्सी. होऊन शास्त्र शिकवायला इथे आले आणि दर्ग्याच्या रस्त्याला एका खोलीत भाड्यानं राहू लागले. बडेबाबू आमच्या हायस्कुलातले कारकून. छोटे बाबू कोणी नव्हते. कारकून एकच होता आणि तोच बडा. शिवाय शाळेच्या सेवकांची एक लहानशी पतपेढी होती, तिचे ते बिनपगारी सचिव. साठेक सभासद, दरमहा पगारातून कापली जाणारी वर्गणी, आणि गरज पडली की कर्ज. अध्यक्ष अर्थातच हेडमास्तर. शाळेत जे जे काही होतं त्याचे अध्यक्ष हेडमास्तरच होते.

बडेबाबूंचा जगण्याचा एकच नियम होता आणि तो त्यांनी सगळीकडे लावला होता: जे जास्त टोचतं ते आधी. ऑफिसात टेबलावर अर्जांची चळत असे. ती ते तारखेनं लावत नसत. सगळे अर्ज एकदा वाचायचे आणि ज्याची अडचण जास्त त्याचा अर्ज वर ठेवायचा. त्यामुळे संस्कृतच्या सरांचा वेतनवाढीचा अर्ज सहा महिने तळाशी राहिला आणि शाळा सोडल्याचा दाखला मागणाऱ्या एका मुलीचा अर्ज, उद्या तिची अमरावतीची बस आहे म्हणून, दहा मिनिटांत निघाला. संस्कृतचे सर चिडले. "आम्ही आधी अर्ज केला होता!" म्हणाले.

"आधी केला, पन तुमाले टोचत नाई," बडेबाबू शांतपणे म्हणाले. "दवाखान्यात पयले कोनाले पायतात? जो पयले आला त्याले, का ज्याचं रगत वाहून राह्यलं त्याले?"

संस्कृतच्या सरांना वाटलं, आपल्याला टोचतं की नाही हे ठरवणारा हा कोण. तेही काही अगदीच चुकीचं नव्हतं. बडेबाबूंचा मोठा दोष हाच होता, की कोणाला किती टोचतं हे त्या माणसाला न विचारता त्यांना कळायचं. निदान त्यांची तशी खात्री होती.

एकदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. ताटात कारल्याची भाजी होती, वरण-भात होता, पुरणपोळी होती. बडेबाबूंनी पहिल्यांदा अख्खं कारलं संपवलं. कशाला लावून नाही, तसंच. मग वरण-भात. मग पोळी. मी पोळीला हात घातला तशी काकू, बडेबाबूंच्या पत्नी, हसल्या. "तुमी खा बाई तुमच्या मनानं. यांचं असंच हाये. लग्नात मंगलाष्टकं संपाच्या आधी हुंड्याची गोष्ट काढून मोकये झाले होते. म्हने, कडू ते आधी."

"मागतला होता का हुंडा?" बडेबाबू म्हणाले.

"नाई मागतला. पन नाई मागत हे सांगाले मांडवात उभे राह्यले न! माया बाप रडला तिथी."

काकूंचा आवाज रागाचा होता. तिसरी पोळी मात्र त्यांनी बडेबाबूंच्याच ताटात वाढली.

आता माझं सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी बहिणीच्या लग्नासाठी पतपेढीतून हजार रुपये काढले, साडेसात टक्क्यांनी. ते साधं कर्ज. सहा महिन्यांनी वडिलांच्या पोटाचं ऑपरेशन अकोल्याला करावं लागलं, तेव्हा आणखी पाचशे. हे तातडीचं कर्ज आणि त्याला व्याज पंधरा टक्के, म्हणजे बरोबर दुप्पट. माणूस अडला की पैसा महाग करायचा, हे धोरण आमच्यासारख्या सज्जनांच्या पतपेढीनंही आपसूक उचललं होतं.

मी दरमहा पन्नास रुपये भरायची. ते कोणत्या कर्जात जातात याचा मी कधी विचार केला नाही. पैसे दिले, पावती घेतली, पर्समध्ये टाकली. पावतीवर रकमेच्या खाली एक छापील ओळ होती: "रक्कम कोणत्या कर्जापोटी जमा करावी", आणि पुढे कोरी रेघ. ती सभासदानं भरायची. साठांतल्या एकानंही ती कधी भरली नाही. पगाराच्या दिवशी खिडकीशी गर्दी असे, प्रत्येकाला घरी जायची घाई असे, आणि कर्ज म्हणजे कर्ज, त्यात कोणतं न् कोणतं काय?

रेघ कोरी राहिली तर काय करायचं, याचा पतपेढीचा नियम होता. पैसे आधी सर्वात जुन्या कर्जात जमा करायचे. ते पूर्ण फिटलं की मग पुढच्यात. ऐकायला हा नियम किती न्यायाचा वाटतो! जो आधी आला तो आधी. पण माझ्यापुरता त्याचा अर्थ असा होता, की माझे पन्नास रुपये दोन वर्षं स्वस्त कर्ज फेडत राहणार आणि तोवर महाग कर्ज जागेवर बसून पंधरा टक्क्यांनी वाढणार. जवळजवळ प्रत्येकाचं तसंच होतं. आधी लग्नाचं नाहीतर घराचं साधं कर्ज, नंतर आजारपणाचं तातडीचं. म्हणजे जुनं ते स्वस्त आणि नवं ते महाग. नियमानं गेलं तर पतपेढीला चांगलं व्याज मिळे आणि त्यातून वर्षअखेरीला लाभांश निघे.

एक दिवस पावती नीट पाहिली, तर रेघेवर हिरव्या शाईत लिहिलेलं: "तातडीचे कर्ज." अक्षर बडेबाबूंचं.

"हे मी नाही लिहिलं," मी म्हणाले.

"तुमी कायच लिवलं नाई. म्हून म्या लिवलं."

"पण नियम?"

"नियम कोऱ्या रेघेसाठी हाये. आता कोरी हाये का?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, जुनं कर्ज ठंडं असते. थे एका कोपऱ्यात बसून राहते. हे नवं पाहा, रोज दोन हातानं खाऊन राह्यलं. आधी याले काढा घरातून. तुमाले शास्त्र येते न? मंग इतकं काहून नाई समजत?"

मला समजलं, आणि बरंही वाटलं. मी त्यांना थँक्यू म्हटलं की नाही, ते आठवत नाही. बहुतेक नाही. दुसऱ्या महिन्यात मी पुन्हा रेघ कोरी सोडली आणि तिसऱ्याही. ते भरणार हे आता माहीत होतं.

ते सगळ्यांचीच भरायचे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. साठ सभासद, पाच वर्षं, प्रत्येक पावतीवर हिरवी शाई. ज्याचं तातडीचं कर्ज फिटलं त्याला कळायचंही नाही की ते वर्षभर आधी फिटलं. चपराशाचं तातडीचं कर्ज लवकर संपलं, तेव्हा त्यानं हनुमानाला नारळ फोडला.

मग अकोल्याहून हिशेबतपासनीस आले. बारीक, मितभाषी माणूस. दोन दिवस ऑफिसात बसून त्यांनी पावत्यांचे गठ्ठे उलगडले आणि तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांना एकच प्रश्न विचारला, "तुमच्या पतपेढीत साठ सभासदांचं अक्षर एकसारखं कसं?"

हिशेब निघाला. नियमाप्रमाणे रकमा जमा झाल्या असत्या तर पतपेढीला पाच वर्षांत जे जास्तीचं व्याज मिळालं असतं, ते अकराशे ब्याऐंशी रुपये. बडेबाबूंचा तीन महिन्यांचा पगार, थोडा कमीच. आणि ते आठ महिन्यांनी निवृत्त होणार होते. तपासनीस माणूस वाईट नव्हता. त्यांनी वाट मोकळी ठेवली. म्हणाले, "सभासदानं तोंडी सूचना दिली असेल आणि सचिवांनी ती लिहून घेतली असेल, तर आमची हरकत नाही. वार्षिक सभेत प्रत्येकाला विचारा. जो 'मी सांगितलं होतं' म्हणेल, त्याची रक्कम वसुलीतून कमी करा."

म्हणजे सगळ्यांनी फक्त "हो" म्हणायचं होतं. पाच वर्षं ज्याचं भलं झालं, त्यानं एक शब्द बोलायचा होता.

सभा शाळेच्या हॉलमध्ये, तपासनीसांसमोर झाली. व्यासपीठावर टेबल, टेबलावर हिरवं कापड, आणि टेबलाशेजारी स्टीलच्या गंजांची उतरंड. गंज म्हणजे आमच्याकडे भात-भाजी शिजवायचं पातेलं. पतपेढीच्या रौप्य महोत्सवाची भेट म्हणून प्रत्येक सभासदाला एकेक द्यायचं ठरलं होतं आणि प्रत्येकावर नाव कोरून घेतलं होतं. माझा खालून तिसऱ्या ओळीत होता. नावातलं पहिलं अक्षर दिसत होतं. हेडमास्तरांनी सुरुवातीलाच, अगदी सहज, सांगून टाकलं की गंजांचं बिल अजून द्यायचं आहे आणि ते वसुलीच्या रकमेतूनच देता येईल. कोणाला धमकी नाही, काही नाही. नुसती माहिती.

मग सभासद क्रमांकानुसार एकेकाला उभं करून विचारायला सुरुवात झाली.

पहिले संस्कृतचे सर. "मी अशी सूचना दिल्याचं मला स्मरत नाही," ते म्हणाले, आणि खाली बसले. पहिल्यानं नाही म्हटलं की दुसऱ्याला सोपं जातं. दुसऱ्यानं म्हटलं की तिसऱ्याला वेगळं बोलायची लाज वाटते. ज्यांनी कधी कर्जच काढलं नव्हतं अशा एक बाई होत्या, त्या म्हणाल्या, "माझा लाभांश पाच वर्षं कमी झाला, त्याचं काय?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्यांनी ते म्हटल्यावर बाकीच्यांना एकदम हिंमत आली. आपण न्यायाच्या बाजूनं आहोत असं सगळ्यांना वाटू लागलं.

माझा क्रमांक चौदा. अकराव्या माणसापर्यंत मी "हो" म्हणणार होते. हे मी आज स्वतःला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. खरोखर म्हणणार होते. मग बारावा "नाही" म्हणाला, तेरावा "नाही" म्हणाला, आणि हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही?"

"मी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले.

आणि ते खरं होतं, हेच सगळ्यात वाईट. मुलांना रोज जे शिकवत होते तेच मी केलं होतं. बडेबाबू टेबलाच्या टोकाला बसून प्रत्येक "नाही" रजिस्टरमध्ये स्वतःच्या हातानं लिहीत होते, हिरव्या शाईत. माझंही लिहिलं. वर पाहिलं नाही.

शेवटी चपराशी उभा राहिला. त्याचं कर्ज सगळ्यात लहान, वसुलीत बावीस रुपये.

"हो जी, म्या सांगतलं होतं," तो म्हणाला. "बाबूले म्या सांगतलं, थे महाग वालं आधी काढा म्हून. माया समोर लिवलं यायनं."

हेडमास्तरांनी तपासनीसांकडे पाहिलं, तपासनीसांनी मान हलवली. बावीस रुपये कमी. मला वाटलं, निदान एक माणूस तरी निघाला. तेवढ्यात बडेबाबूंनी पेन खाली ठेवला.

"खोटं बोलून राह्यला तो," ते म्हणाले. "यानं कायच सांगतलं नाई. याले तं कोनतं कर्ज महाग हेच मालूम नव्हतं."

"बाबू!" चपराशी रडकुंडीला आला. "तुमच्यासाठीच बोलून राह्यलो न!"

"माह्यासाठी खोटं बोलू नको. बस खाली."

बावीस रुपये पुन्हा चढले. हेडमास्तरांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

बडेबाबू उभे राहिले. "सगळे खरं बोलले. कोनीच सांगतलं नाई. पन रेघ कोरी होती. कोऱ्या रेघेवर हक्क कोनाचा, देनाऱ्याचा का घेनाऱ्याचा, इतकं मले कोनी सांगावं."

"पतपेढीचा," हेडमास्तर म्हणाले.

"मंग पतपेढी कोनाची हाये?"

हेडमास्तरांनी ठरावाचा कागद पुढे ओढला. ठराव मंजूर झाला: रक्कम सचिवांकडून वसूल करावी, अठरा टक्के दंडव्याजासह, हप्त्यांनी. त्यानंतर चहा झाला आणि गंज वाटले. मी माझा घेतला. परत देता आला असता, पण नाव कोरलेलं होतं, आणि परत दिला असता तर सगळ्यांनी पाहिलं असतं.

पुढच्याच आठवड्यात हेडमास्तरांनी मला बोलावलं. नवा सचिव नेमायचा होता. "सभेत तुम्ही स्पष्ट बोललात," ते म्हणाले. "असा सरळ माणूस पाहिजे." मी नको म्हटलं, एकदा. दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

बडेबाबूंनी मला सगळे कागद स्वतः समजावून दिले. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. मला वाटायचं, ते आता बोलतील, मग बोलतील. ते फक्त एवढंच म्हणाले, "या कपाटाची किल्ली अटकते. उलटी फिरवा थोडी." माझ्यावर रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी नियमानं काम करू लागले. रेघ कोरी असली की पैसे सर्वात जुन्या कर्जात. सभासदांचं व्याज वाढलं आणि पतपेढीचा लाभांशही वाढला, म्हणजे एका खिशातून जास्त जाऊ लागलं आणि वर्षअखेरीला त्यातलं थोडं दुसऱ्या खिशात परत येऊ लागलं. सगळे खूश होते. दोघातिघांनी तर मला सांगितलं की आता कारभार कसा चोख झाला.

बडेबाबू निवृत्त झाल्यावर पहिला हप्ता भरायला आले, तो पगाराचाच दिवस होता. खिडकीशी आठ-दहा माणसं. ते रांगेत शेवटी उभे राहिले. मी पुढे बोलावलं, तर आले नाहीत.

त्यांच्या नावावर आता पुन्हा दोन रकमा होत्या. सभेच्या आधी घराच्या दुरुस्तीसाठी काढलेलं साडेसात टक्क्यांचं साधं कर्ज, आणि आमची वसुली, अठरा टक्क्यांची. कर्ज आधीचं, वसुली नंतरची. त्यांनी खिडकीतून चाळीस रुपये आत सरकवले. मी पावती फाडली आणि पुढे केली. रेघ कोरी होती. मी पेनही पुढे केला.

"बडेबाबू, इथं लिहा. कोणत्या रकमेत जमा करायचे ते."

त्यांनी पेनाला हात लावला नाही. "मायं अक्षर पतपेढीत चालत नाई आता, बाई."

"मग तोंडी सांगा. मी लिहून घेते."

"नियम हाये न. नियमानं करा."

ते दुसरीकडे पाहत उभे राहिले. नियमानं केलं तर हे चाळीस स्वस्त कर्जात जाणार होते आणि अठरा टक्क्यांची वसुली, जी माझ्याही एका वाक्यानं त्यांच्या गळ्यात पडली होती, तिथंच बसून वाढणार होती. पेन्शन किती बसणार हे मला माहीत होतं. वसुलीचे हप्ते ठरवताना तो आकडा मीच लिहिला होता. मागे रांगेत संस्कृतचे सर येऊन उभे राहिले होते आणि घड्याळाकडे पाहत होते. मी पावती माझ्याकडे ओढली आणि रेघेवर माझ्या अक्षरात लिहिलं: "वसुलीपोटी."

त्यांनी पावती घेतली, चष्मा वर केला, वाचली.

"हे म्या सांगतलं नाई तुमाले. खोडा हे."

"सांगितलंत," मी म्हणाले. "आत्ताच सांगितलंत. मी ऐकलं. सरांनीही ऐकलं असेल."

संस्कृतचे सर गडबडले आणि "हो, हो, काहीतरी म्हणाले खरे" असं पुटपुटले.

बडेबाबूंनी माझ्याकडे पाहिलं. सभेनंतर पहिल्यांदाच, सरळ डोळ्यांत. पावतीची घडी घातली, खिशात ठेवली, आणि खिडकीच्या गजांपाशी तोंड आणून, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"इतकं चांगलं खोटं बोलता येते तुमाले, बाई. मंग त्या दिवशी काहून नाई बोलल्या?"